दुसऱ्यांच्या देशातले मतदान पाहताना

आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षकांच्या कामाचा या सदरात मागे ओझरता उल्लेख आला होता. त्यानंतर मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे लांब होती, म्हणून प्रश्नांचा सारांश दिला आहे.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंतच्या निवडणुकांत मतदान अधिकारी आणि नंतर केंद्राध्यक्ष म्हणून काम केले आहे. परदेशातील निवडणुकांत निरीक्षक म्हणून जातात ते लोक नेमके काय करतात? माझा अनुभव तेथे उपयोगी पडेल का? आणि नोकरीत असताना जाता येते का? — एक शिक्षिका, अंबाजोगाई

तुमचा मधला प्रश्न आधी घेतो. अनुभव उपयोगी पडतो, तुम्हाला वाटतो त्याहून अधिक पडतो. साहित्य वाटपाच्या गर्दीत एकेक पाकीट तपासून घेणे, आदल्या रात्री शाळेच्या वर्गातच मुक्काम करून पहाटे मतदान प्रतिनिधींसमोर अभिरूप (चाचणी) मतदान घेणे, यंत्रांना मोहोर लावणे, ऊन वाढले की रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांना पुढे घेणे आणि संध्याकाळी नमुना १७ सी या मतांच्या हिशेबपत्रातला आकडा मतदार नोंदवहीशी जुळल्याखेरीज केंद्र न सोडणे, हे सारे ज्याने केले आहे त्याला जगातल्या कोणत्याही मतदान केंद्रात शिरताच तेथील कारभार सुरळीत आहे की नाही याचा अंदाज येतो.

मात्र या अनुभवाने लावलेली एक सवय घरी ठेवून जावे लागते. केंद्राध्यक्षाला चूक दिसली की तो ती तिथल्या तिथे दुरुस्त करतो, कारण ते त्याचे कर्तव्यच असते. आपला निवडणूक आयोग नेमतो त्या निरीक्षकालाही लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम २० बी नुसार, मतदान केंद्रे बळकावण्यासारखे प्रकार घडले तर मतमोजणी थांबवण्यास किंवा निकाल जाहीर न करण्यास निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला सांगता येते. परदेशी निरीक्षकाला असा कोणताही अधिकार नसतो. २७ ऑक्टोबर २००५ रोजी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षणाच्या तत्त्वांचे घोषणापत्र स्वीकारले गेले. त्याला जोडलेल्या आचारसंहितेवर प्रत्येक निरीक्षकाला सही करावी लागते. यजमान देशाचा कायदा मनाई करत नसेल तर निरीक्षक गैरप्रकार अधिकाऱ्यांच्या लक्षात आणून देऊ शकतो आणि प्रश्न विचारू शकतो. परंतु त्याने आदेश देऊ नये आणि अधिकाऱ्यांचे निर्णय फिरवू नयेत, असे ती संहिता स्पष्ट सांगते.

हे वाचायला सोपे आणि पाळायला फार अवघड आहे. आशियातल्या एका देशात सकाळी एका शाळेतल्या केंद्रात आम्ही दोघे पोहोचलो. निरीक्षक जोडीने फिरतात, आणि जोडीदार बहुधा वेगळ्या देशाचा असतो. त्या केंद्रात एका पक्षाच्या प्रतिनिधीची खुर्ची मतदान कक्षाच्या पुठ्ठ्याच्या आडोशाला इतकी लागून होती की मतदार वाकला की त्याचा हात प्रतिनिधीला दिसावा. आपल्याकडे अशा वेळी केंद्राध्यक्ष एका शब्दात खुर्ची मागे सरकवतो. मी तेथे पोहोचल्याची वेळ लिहिली, खुर्ची आणि आडोसा यांतले अंतर लिहिले, तेवढ्या वेळात किती जणांनी मत दिले ते मोजले आणि मग दुभाष्यामार्फत केंद्रप्रमुखांना इतकेच विचारले की, प्रतिनिधींनी बसण्याची जागा तुमच्या नियमात कशी ठरवून दिली आहे. त्यांनी नियमपुस्तिका काढली, वाचली आणि स्वतःच खुर्ची हलवायला सांगितली. आम्ही तेही वेळेसह लिहिले. खुर्ची हलली नसती तरी आमचे काम तेवढेच राहिले असते: जे दिसले ते लिहिणे, आणि पुढच्या केंद्रांवरही तसेच दिसते का हे पाहणे. एका केंद्रावरची खुर्ची हा निष्काळजीपणा असू शकतो. तीच गोष्ट सबंध जिल्ह्यात, एकाच पक्षाच्या बाबतीत, वेगवेगळ्या जोड्यांच्या नोंदींत सापडली तर तिचा अर्थ बदलतो. तो अर्थ लावणे एकट्या निरीक्षकाचे काम नव्हे, ते सर्व नोंदी हाती आल्यावर पथकाचे काम आहे. म्हणून पथकाचे निवेदन निघण्याआधी पत्रकारांशी निवडणुकीविषयी मतप्रदर्शन करण्यासही निरीक्षकाला मनाई असते.

मतदानाच्या आगेमागे आठवडा-दहा दिवसांसाठी येतात ते अल्पकालीन निरीक्षक. त्यांच्या हाती प्रश्नांची यादी असते. केंद्र उघडणे, मतदान, केंद्र बंद होणे आणि मोजणी यांसाठी वेगवेगळी. दीर्घकालीन निरीक्षक सहा ते आठ आठवडे आधी येऊन एखाद्या प्रांतात मुक्काम करतात. उमेदवारांना सभेसाठी मैदान मिळते का, मतदार यादीतल्या तक्रारींची सुनावणी होते का, स्थानिक वृत्तपत्रे आणि रेडिओ कोणाला किती जागा देतात, कोणाला धमकावले जात आहे, हे सारे ते पाहतात. माझ्या मते निरीक्षणाचा खरा जीव या दुसऱ्या प्रकारात आहे, आणि बीड जिल्ह्यातल्या शिक्षिकेला त्यासाठी लागणारी नजर आपोआप मिळालेली असते. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान झाले तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्यांचे गाव सोडण्याचे दिवस होते. कोणत्या तांड्यावरचे कोण कोणत्या कारखान्यावर गेले आणि यादीत नाव असूनही कोण मतदानाला येऊ शकणार नाही, हे वर्गातल्या रिकाम्या जागांवरून तुम्हाला आधीच कळते. रांगेत उभा असलेला मतदार सर्वांनाच दिसतो. रांगेत कोण नाही आणि का नाही, हा प्रश्न ज्याला सुचतो तो निरीक्षक पथकाला फार मोलाचा असतो.

आता नोकरीचे. परकीय योगदान (विनियमन) अधिनियम, २०१० च्या कलम ६ नुसार शासकीय कर्मचारी, तसेच शासनाच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालील संस्थांचे कर्मचारी यांना परदेशात असताना परकीय संस्थेच्या खर्चाने प्रवास, निवास वा भोजन स्वीकारायचे असेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. निरीक्षकाचा खर्च बहुधा परकीय संस्थाच करते, त्यामुळे हे कलम तुम्हाला थेट लागू होते. गृह मंत्रालयाकडील त्या अर्जाखेरीज, गटशिक्षणाधिकारी आणि शिक्षणाधिकारी यांच्यामार्फत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडून रजा आणि परदेश प्रवासासाठी ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागेल. या कागदांना वेळ लागतो आणि निरीक्षकांची निवड अनेकदा ऐनवेळी होते, म्हणून सेवेत असताना संधी हुकण्याची शक्यता आहे, हे आधीच सांगितलेले बरे. पासपोर्ट मात्र आजच काढून ठेवा.

प्रश्न : मी राज्यशास्त्रात एम. ए. केले आहे. आमच्या शहरातला एक एजंट परदेशात निवडणूक निरीक्षकाची नोकरी मिळवून देतो म्हणून नोंदणी शुल्क मागतो. या क्षेत्रात कायमची नोकरी मिळते का? — एक तरुण वाचक, नांदेड

पैसे देऊ नका. विश्वासार्ह निरीक्षण संस्था निवडीसाठी शुल्क घेत नाहीत आणि एजंटामार्फत माणसे नेमत नाहीत. शिवाय ही बहुतांशी नोकरीच नव्हे: अल्पकालीन निरीक्षकाला प्रवास, निवास, विमा आणि दैनिक भत्ता मिळतो, पगार मिळत नाही.

भारतीय नागरिकाला कोणती दारे बंद आहेत हेही माहीत असावे, कारण एजंट नेमकी त्यांचीच नावे घेतात. युरोपीय संघाची पथके मुख्यतः संघाच्या सदस्य देशांच्या नागरिकांमधून उभी राहतात. युरोपातील सुरक्षा आणि सहकार्य संघटना वॉर्सा येथील आपल्या कार्यालयामार्फत मोठी पथके पाठवते. तिचे निरीक्षक तिच्या ५७ सहभागी देशांतून येतात आणि भारत त्यांत नाही. राष्ट्रकुलात भारत आहे, परंतु तेथे महासचिव अनुभवी व्यक्तींना स्वतःहून निमंत्रण देतात. उरते ती एशियन नेटवर्क फॉर फ्री इलेक्शन्स ही १९९७ मध्ये स्थापन झालेली, बँकॉकहून चालणारी संस्था, जिच्या पथकांत आशियाई देशांतील कार्यकर्ते असतात. अटलांटाचे कार्टर सेंटर वेगवेगळ्या देशांतील जाणकार घेते, पण बहुधा आधीच्या अनुभवावर. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम, ज्याचे मुख्यालय बॉन येथे आहे, निवडणूक यंत्रणेला मदत करण्यासाठी माणसे घेतो. ते निरीक्षण नव्हे, निवडणूक घडवून आणण्याचे काम आहे, आणि त्यात काही महिन्यांचा निर्वाहभत्ता मिळतो. या सर्वांच्या जागा त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर जाहीर होतात.

ज्यांचे आयुष्य या क्षेत्रात गेले त्यांच्याकडे दुसरे एखादे कसब होते असे मी पाहिले आहे: निवडणूक कायदा, आकडेवारीचे विश्लेषण, प्रसारमाध्यमांचा अभ्यास किंवा सुरक्षा. तुम्ही नांदेडला आहात, तेव्हा हैदराबादचे इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ फार दूर नाही. इंग्रजी पक्की असून जोडीला फ्रेंच, अरबी किंवा पोर्तुगीज असेल तर आफ्रिकेतल्या पथकांसाठी तुमच्या अर्जाला वजन येईल. तोवर घरच्या निवडणुकीवर हात बसवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर प्रत्येक उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण यांचे शपथपत्र द्यावे लागते. आपल्या मतदारसंघातल्या सर्व उमेदवारांची शपथपत्रे मिळवून, मागच्या निवडणुकीतल्या शपथपत्रांशी ताडून, एकही विशेषण न वापरता दोन पानांचा अहवाल लिहून पाहा. निवड समितीला दाखवण्यासारखा तो उत्तम कागद होईल.

प्रश्न : आठवडाभरासाठी विमानाने येणाऱ्या परक्या माणसांना त्या देशाचे काय कळणार? केनियात निरीक्षकांनी मतदानाची वाहवा केली आणि नंतर न्यायालयाने निवडणूकच रद्द केली. ही दुसऱ्याच्या घरात ढवळाढवळ नाही का? आपण तरी आपल्याकडे असे निरीक्षक येऊ देतो का? — एक वकील, उदगीर

तुमचा आक्षेप रास्त आहे आणि केनियाचे उदाहरण तर अचूक आहे. ८ ऑगस्ट २०१७ रोजी तेथे अध्यक्षपदासाठी मतदान झाले. निरीक्षक पथकांनी त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत मतदान शांततेत आणि व्यवस्थित पार पडल्याचे सांगितले. १ सप्टेंबर रोजी सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध दोन मतांनी ती निवडणूक रद्द ठरवली. मतदान केंद्रांमध्ये जे घडले त्यावर न्यायालयाचा मुख्य आक्षेप नव्हताच. प्रत्येक केंद्राचा निकाल ३४ ए या नमुन्यावर भरून त्याची प्रतिमा राष्ट्रीय केंद्राकडे पाठवायची होती. ते पाठवणे आणि ताडून पाहणे कायद्याप्रमाणे झाले नाही, हा दोष होता. म्हणजे निरीक्षकांनी खोटे पाहिले नव्हते. त्यांनी अर्धेच पाहिले होते आणि सांगताना ते संपूर्ण वाटेल अशा सुरात सांगितले होते. पथकांच्या निवेदनांत निकालाची प्रक्रिया अजून चालू असल्याची वाक्ये होती, पण वृत्तपत्रांचा मथळा त्यांतून निघत नाही. मतदानानंतर दोन दिवसांत प्राथमिक निवेदन काढण्याची ही प्रथा मला धोक्याची वाटते. बातमी ताजी असताना बोलण्याचा दबाव कितीही असला, तरी केंद्रापासून राजधानीपर्यंत आकडे कसे पोहोचले हे पाहून होईपर्यंत मतदानाविषयीचे कौतुक आवरते घेतले पाहिजे.

निरीक्षण केव्हा उपयोगी पडते हे याच वाटेवर कळते. पनामात ७ मे १९८९ रोजी निवडणूक झाली तेव्हा सत्ता लष्करप्रमुख मान्युएल नोरिएगा यांच्या हाती होती. चर्चशी संबंधित स्थानिक स्वयंसेवकांनी मतदान केंद्रांवरचे निकाल गोळा करून स्वतंत्र बेरीज केली होती आणि तीत विरोधी उमेदवार मोठ्या फरकाने पुढे होता. सरकारी मोजणीत वेगळेच आकडे येऊ लागले तेव्हा निरीक्षक म्हणून गेलेले अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ही फसवणूक असल्याचे जाहीरपणे सांगितले. सरकारने निवडणूक रद्द केली, पण जिंकल्याचा दावा त्याला करता आला नाही. येथे लक्षात घेण्याची गोष्ट ही की पुरावा पनामाच्या लोकांनी गोळा केला होता. परदेशी पथकाने त्याला जगापुढे आवाज दिला. आठवडाभरासाठी आलेल्या माणसाला देश कळत नाही, हे तुमचे म्हणणे म्हणूनच खरे आहे. स्थानिक निरीक्षकांच्या संघटनांशी बसून काम न करणाऱ्या पथकाने जाऊच नये, असे मी त्यापुढे जाऊन म्हणेन.

मोजणी कशी असावी याचा नमुना पाहायचा तर इंडोनेशियात पाहावा. तेथे मोजणी मतदान केंद्रावरच, मांडवात, गावासमोर होते. केंद्रप्रमुख प्रत्येक मतपत्रिका उलगडून दोन्ही हातांनी वर धरतो, साक्षीदारांना आणि समोर बसलेल्या लोकांना मतदाराने भोक पाडून मत दिलेली जागा दाखवतो, मत वैध असल्याचे मोठ्याने पुकारतो आणि भिंतीवर लावलेल्या मोठ्या कागदावर त्या उमेदवारापुढे एक रेघ ओढली जाते. पाच रेघा झाल्या की एक गट. पोरे खांबाला टेकून मोजत असतात आणि रेघ चुकली तर गर्दीतूनच ओरडा होतो. निरीक्षकाने त्या कागदाचे छायाचित्र घ्यायचे, भरलेल्या निकालपत्राशी आकडा ताडायचा आणि वरच्या कार्यालयात तोच आकडा चढला का ते पाहायचे. या पद्धतीची किंमतही मोठी आहे. २०१९ मध्ये अध्यक्षपद आणि विधिमंडळे यांच्या निवडणुका एकाच दिवशी घेतल्याने मोजणी रात्र-रात्र चालली आणि अतिश्रमाने व आजाराने शेकडो केंद्र कर्मचारी दगावले. निवडणूक ड्यूटीवरच्या माणसाचे पाणी, जेवण आणि झोप हाही निरीक्षकाच्या नोंदीचा विषय असला पाहिजे, हे मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात केंद्रावर बसलेल्या कोणालाही पटेल.

ढवळाढवळीविषयी: यजमान देशाच्या संमतीखेरीज पथक जात नाही, आणि २००५ च्या घोषणापत्रानेही ती अट घातली आहे. निरीक्षकाला ओळखपत्र त्या देशाचा निवडणूक आयोगच देतो. काही सरकारे केवळ शिक्का मिळवण्यासाठी पथके बोलावतात, हे मात्र खरे आहे. म्हणून जबाबदार संस्था आधी पाहणी पथक पाठवतात आणि मोकळेपणाने काम करता येणार नाही असे दिसले तर निमंत्रण नाकारतात. नाकारण्याची तयारी नसलेल्या संस्थेच्या कौतुकाला मी किंमत देत नाही.

आपल्याकडे तशा अर्थाची परदेशी निरीक्षण पथके येत नाहीत. निवडणूक आयोग इतर देशांच्या निवडणूक यंत्रणांच्या प्रतिनिधींना आपले काम पाहण्यासाठी बोलावतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत असे २० हून अधिक देशांचे पाहुणे आले होते. मात्र दुसऱ्यांच्या निवडणुकांत भारताचा हात फार जुना आहे. आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये पार पाडणारे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांना लगेचच सुदानला बोलावले गेले आणि १९५३ ची तेथील पहिली संसदीय निवडणूक त्यांच्या अध्यक्षतेखालील आंतरराष्ट्रीय आयोगाने घेतली. निजामाच्या राजवटीतून १९४८ मध्ये सुटलेल्या आपल्या मराठवाड्याने तोवर प्रौढ मताधिकाराने एकदाच मत दिले होते. अशा देशाचा अधिकारी दुसऱ्या देशाला विश्वासाचा वाटला, याचा मला अभिमान वाटतो. तुमच्या आक्षेपाला उत्तर द्यायचे तर हेच उदाहरण देईन: श्रीमंत देशांनी गरीब देशांना तपासायचे, अशी ही वाट असण्याची गरज नाही. ज्यांनी अलीकडेच, अडचणीत, निरक्षर मतदारांसह निवडणुका उभ्या केल्या, त्यांचे डोळे तेथे अधिक हवेत.

प्रश्न : मुलीची एका आफ्रिकी देशातल्या निरीक्षक पथकात निवड झाली आहे. तिला पाठवावे का? जिवाला धोका असतो का? — एक आई, हिंगोली

ताई, धोका नसतो असे सांगणार नाही. कंबोडियात १९९३ ची निवडणूक संयुक्त राष्ट्रांनी घेतली, तेव्हा अत्सुहितो नाकाता हा २५ वर्षांचा जपानी स्वयंसेवक काँपाँग थॉम प्रांतात निवडणुकीची तयारी करत होता. ८ एप्रिल रोजी तो आणि त्याचा कंबोडियन दुभाषा गोळ्या घालून मारले गेले. पुढच्याच महिन्यात तेथील सुमारे ९० टक्के नोंदणीकृत मतदार मतदानाला आले, आणि त्याचे वडील पुढे संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमाचे मानद राजदूत झाले. आजची पथके त्या काळापेक्षा पुष्कळ सावध आहेत: सुरक्षा अधिकारी असतो, ठरलेल्या वेळी ठावठिकाणा कळवावा लागतो, अंधार पडल्यावर प्रवासाला मनाई असते, आणि परिस्थिती बिघडली तर त्या भागातून निरीक्षक काढून घेतले जातात. प्रत्यक्षात सर्वात जास्त भीती बंदुकीची नसते, खराब रस्त्यांवरच्या गाडीची आणि हिवतापाची असते.

जाण्या-न जाण्याचा निर्णय तिचा आहे, पण काही गोष्टी आधी लेखी मागून घ्या: वैद्यकीय आणि अपघात विमा किती रकमेचा आहे, आजारी पडल्यास तिला तेथून हलवण्याचा खर्च त्यात येतो का, जोडीदार कोण, आणि अडचणीच्या वेळी घरच्यांनी कोणत्या क्रमांकावर बोलायचे. मुलीला गाडीचा पट्टा आणि मच्छरदाणी यांबाबत हट्टी राहायला सांगा. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस ठरावीक अधिकृत केंद्रांवरच मिळते आणि टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होते. पीतज्वराच्या देशातून परतताना ते जवळ नसेल तर भारतात उतरल्यावर तिला विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. त्यामुळे तिकीट हाती येण्याची वाट न पाहता लसीची वेळ या आठवड्यातच घ्या.